पिवळी साडी

७ डिसेंबर, रविवार

ह्यांच्या कंपनीची डायरी दरवर्षी घरात येते आणि दरवर्षी कोरीच रद्दीत जाते. यंदा म्हटलं, लिहू काहीतरी. बोलायला माणूस नाही असं नाही. उलट घरात माणसं वाढली आहेत. पण जे बोलायचंय ते त्यांच्याशी बोलता येत नाही.

कैवल्य आणि रोशेल शुक्रवारी पोहोचले. लग्नाला दोन वर्षं होत आली, सूनबाई घरात आल्या त्या आत्ता. लग्न तिकडे ह्यूस्टनला कोर्टात झालं. आम्ही लॅपटॉपवर पाहिलं, ह्यांनी टाळ्या वाजवल्या, मी अक्षता स्क्रीनवर टाकल्या आणि मग कीबोर्डमधून वेचत बसले. आता कैवल्यला कंपनीने तीन महिन्यांसाठी इथे आखातात, रास लफानच्या गॅस प्रकल्पाच्या साइटवर पाठवलंय. आठवडाभर तिकडच्या कॅम्पात राहायचं, गुरुवारी संध्याकाळी घरी यायचं. आज पहाटे गेलासुद्धा. हे सकाळी जातात ते अंधार पडल्यावर येतात. म्हणजे राहिलो आम्ही दोघी.

दारातून आत आली तीच माझ्या पायाशी वाकली. कैवल्यने शिकवलं असणार. मी उगाच दचकून मागे सरले आणि मग सावरून घेतलं. रंगाचं मला काही नाही, हे इथे लिहून ठेवते. माणूस मनाने चांगलं असलं की झालं. फक्त फोटोत एवढं कळलं नव्हतं.

मला ती 'मॅम' म्हणते. येस मॅम, नो मॅम. हे घर आहे की बँक, तेच कळेना.

१० डिसेंबर, बुधवार

आज लिफ्टमध्ये खालच्या मजल्यावरची ज्ञानदा भेटली. इथल्या मराठी मंडळाची सेक्रेटरी, आमच्या ओल्ड एअरपोर्ट भागातल्या निम्म्या मराठी घरांच्या बातम्या हिच्याकडे. म्हणाली, "नीताताई, नवीन बाई लागली का तुमच्याकडे? काल कचरा टाकायला आलेली दिसली."

रोशेलला म्हटलं होतं मी कचरा राहू दे म्हणून. ऐकत नाही.

मी म्हटलं, नाही गं, पाहुणी आहे. ज्ञानदाने विचारलं, काय करते? मी म्हटलं, विमानात असते. "अच्छा, एअर होस्टेस!" म्हणाली ती, आणि तेवढ्यात तळमजला आला.

आता लिफ्टमध्ये किती सांगणार माणूस? कैवल्यचं लग्न तिकडच्या मुलीशी झालंय हे ज्ञानदाला ठाऊक आहे. मागे तिने फोटो मागितला होता तेव्हा मी फोन बदललाय म्हणून सांगितलं. तिकडची म्हटल्यावर लोक आपापल्या मनाने काय ते समजतात. मी खोटं काहीच बोललेले नाही.

रोशेल पायलट आहे. प्रवासी विमान चालवते, मोठं. पण सध्या चालवत नाही म्हणे, रजेवर आहे. काहीतरी ऑफिसचं प्रकरण आहे.

१४ डिसेंबर, रविवार

प्रकरण कैवल्यने काल सांगितलं, भेंडी चिरता चिरता.

रोशेल गेली अकरा वर्षं को-पायलट आहे. कॅप्टन व्हायला परीक्षा असते. तिच्याहून कमी उड्डाणं झालेली पोरं कॅप्टन झाली, हिला परीक्षकाने नापास केलं. कारण काय, तर विमान उत्तम चालवते, पण बोलण्यात नरमाई नाही, सोबतच्यांना अवघडल्यासारखं होतं. हिने विचारलं, असं किती पुरुषांना लिहिलंय तुम्ही? किती गोऱ्यांना? तक्रार केली. झालं, कंपनीने हिलाच जमिनीवर बसवलं आणि हिच्याच वागणुकीची चौकशी लावली.

मग म्हणाला, आई, हे नवीन नाही गं. एक कॅप्टन कॉकपिटमध्ये हिला पाहून म्हणाला होता, पायलट अजून आला नाही का? गणवेशात दारापाशी उभी असली की लोक हातात रिकामे ग्लास देतात. ती ग्लास घेते, टाकून येते आणि मग आत जाऊन त्याच लोकांना घेऊन उडते. तिची आई शाळेची बस चालवायची. बस चालवून चालवून तिने लेकीच्या फ्लाइंगच्या तासांचे पैसे भरले.

मी म्हटलं, अरे, मग थोडं नमतं घ्यावं. बाईमाणसाने थोडं गोडीत घेतलं की कामं होतात.  कैवल्यने पुढची भेंडी फार मोठी मोठी चिरली.

१८ डिसेंबर, गुरुवार

इथल्या राष्ट्रीय दिनाची सुट्टी, कैवल्यही घरी. चौघं वक्राच्या किनाऱ्यावर गेलो. विमानतळ जवळच, त्यामुळे विमानं डोक्यावरून अगदी खाली येत होती. हे आणि कैवल्य खुर्च्या टाकून पॅलेटवर, म्हणजे त्या लाकडी फळकुटांवर, मक्याची कणसं ठेवून सोलत बसले. रोशेल पाण्याच्या कडेला एकटी उभी.

प्रत्येक विमान आलं की तिचा उजवा हात किंचित मागे यायचा. अगदी किंचित. बाकी कोणाच्या लक्षातही आलं नसतं. माझ्या आलं, कारण विमान टेकवताना हात तसाच ओढतात. कॉलेजात मी एन.सी.सी.च्या एअर विंगमध्ये होते. ग्लायडरच्या कॅम्पला निवड झाली होती, नाशिकमधून आम्ही दोघीच. नेमकं त्याच आठवड्यात अमळनेरचे लोक मला बघायला येणार होते. आई म्हणाली, उन्हात आणखी रापशील, आधीच काय कमी आहे. नाही गेले. अमळनेरच्यांनी तरीही नकारच कळवला.

असो. कणसं छान होती. वारा फार होता.

२३ डिसेंबर, मंगळवार

आता तिचं वेळापत्रक मला पाठ झालंय. संध्याकाळी पाचला तिकडे सकाळ होते. मी देवापाशी दिवा लावते तेव्हा ती कैवल्यच्या खोलीत गणवेशाचा कोट चढवते, बाहीवर तीन सोनेरी पट्ट्या, केस करकचून मागे बांधते आणि दार लावून चौकशीसाठी लॅपटॉपसमोर बसते. खाली घरातलाच पायजमा आणि माझ्या स्लिपर.

आत गेली की तिचा आवाज बदलतो. जेवताना खळखळून हसणारी ही बाई तिथे इतकं सावकाश, इतकं मोजून बोलते की भीती वाटते. एकेक वाक्य भरलेल्या कपासारखं उचलून ठेवते. आज समोरचा माणूस तिला मधेच तोडत होता. ती दर वेळी थांबायची आणि पुन्हा पहिल्या शब्दापासून सुरू करायची. मी चहा घेऊन दाराबाहेर उभी होते. चहा गार झाला, मग मीच प्यायले.

बाहेर आल्यावर तिने तोंड धुतलं आणि मला विचारलं, मॅम, कणीक भिजवू का?

मी म्हटलं, भिजव.

२७ डिसेंबर, शनिवार

नाशिकहून अलकाचा फोन. माझी धाकटी बहीण, लहानपणापासून घरातली गोरी. म्हणाली, नीताताई, सून चांगलीच असेल गं, पण पुढे मुलांचं काय? कोणावर जातील? मी म्हटलं, तुला काय करायचंय? फोन ठेवला. आणि मग भांडी घासताना तोच विचार करत बसले, हे खरं.

माझ्या लग्नाच्या माहितीपत्रकात आईने 'गव्हाळ' लिहिलं होतं. फोटोवाल्याला सांगून फोटोही उजळ करून घेतला होता. ह्यांनी पहिल्या भेटीत फोटोकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि पोहे मागून घेतले. म्हणून मी ह्यांच्याशी लग्न केलं. पण आईने लिहिलं त्यात वाईट काही नव्हतं. मी गव्हाळच आहे. गव्हाचेही प्रकार असतात.

५ जानेवारी, सोमवार

कंपनीने रोशेलला कळवलंय: तक्रार मागे घे, गैरसमज झाला होता असं म्हण, आम्ही चौकशी बंद करतो. पगार तोच, हुद्दा तोच. काम मात्र ट्रेनिंग विभागात, नव्या पोरांना शिकवायचं. उडायचं नाही. उत्तर पुढच्या बुधवारपर्यंत. नाही म्हणाली तर चौकशी पुढे चालणार, आणि ती हरली तर लायसन्सवर असा डाग लागेल की दुसरी कुठलीही कंपनी तिला घेणार नाही.

मला तर बाई हायसं वाटलं. दुपारी जेवताना तिला समजावलं. म्हटलं, हे बघ, घरची माणसं सुखात राहतील, मुलंबाळं होतील, रोज घरी येशील. सन्मानाचं काम आहे. किती दिवस भांडणार? ती ऐकत होती. माझं बोलणं ती नेहमी पूर्ण ऐकून घेते, हे खरंच आहे. मग तिने विचारलं, "मॅम, कैवल्यला तुम्ही हेच सांगितलं असतं?"

मी म्हटलं, कैवल्यचं वेगळं आहे. ती म्हणाली, येस मॅम. आणि ताटं उचलली.

काय चुकीचं बोलले मी? दुपारभर तिच्या खोलीचं दार बंद होतं. आधीही बंदच असायचं, पण आज जास्त बंद वाटलं. ह्या घरात मी तीस वर्षं दुपारी एकटीच असते, त्याचं काही वाटत नाही. दुसरं माणूस घरात असताना एकटं वाटतं, त्याचं काय करायचं?

९ जानेवारी, शुक्रवार

संक्रांत बुधवारी. रोशेलची आपल्या घरातली पहिलीच. अलकाने बोलल्याची भरपाई म्हणून की काय, ओळखीच्या माणसाबरोबर हलव्याचे दागिने पाठवलेत. हार, बांगड्या, बाजूबंद, बिंदी, सगळे पांढरेशुभ्र आणि इतके सुबक की हात लावायला भीती वाटते. सोबत काळी साडी, बारीक लाल काठ. पहिल्या संक्रांतीला नव्या सुनेला काळी साडी नेसवून दागिने घालतात, ते अलकाला सांगावं लागत नाही.

साडी पलंगावर पसरून मी बराच वेळ बसले. काळ्यावर काळं. बघणारे काय म्हणतील? तिलाही वाटेल, मुद्दाम केलं. आधीच तिला जगाने कमी का बोल लावलेत? उगाच तिच्या जखमेवर मीठ नको. मी हे तिच्यासाठीच करतेय. दुपारी बाजारात जाऊन छान पिवळी साडी आणली, हळदीसारखी. तिला खुलेल.

मंडळाचा मेसेज आलाय. हळदीकुंकू पुढच्या शुक्रवारी, मदिनत खलीफाला एका व्हिलात, नव्या सुनांना दागिने घालून आणा. मी काही उत्तर दिलं नाही. एवढ्या बायकांत तिला कंटाळा येईल. मराठीही कळत नाही तिला.

काळी साडी माझ्या कपाटात वरच्या फळीवर ठेवली.

१३ जानेवारी, मंगळवार, भोगी

तीळ लावून बाजरीच्या भाकरी, लोणी, भोगीची भाजी. रोशेल माझ्याजवळ ओट्याला टेकून उभी राहून शेंगा सोलत होती. म्हणाली, तिची आजी नव्या वर्षाच्या पहिल्या दिवशी चवळी शिजवायची, वर्ष बरं जावं म्हणून. आजीने सांगितलेलं की चवळी उरवायची नाही. मी म्हटलं, आमच्याकडेही भोगीची भाजी उरवत नाहीत. दोघी हसलो. खूप दिवसांनी स्वयंपाकघरात दोन आवाज होते.

मग तिने तिळगुळाचं विचारलं. मी सांगितलं, एकमेकांना हातावर देतात आणि म्हणतात, तिळगूळ घ्या, गोड बोला. अर्थ सांगितला. ती लाडू हातात घेऊन बघत राहिली. म्हणाली, "माझे चीफ पायलटही मला हेच म्हणतात. फक्त लाडू देत नाहीत."

चेष्टेत म्हणाली. मीही हसले. पण नंतर गूळ ढवळताना ते सारखं आठवत होतं आणि पाक थोडा पुढे गेला. लाडू कडक झालेत.

१४ जानेवारी, बुधवार, संक्रांत

आज काय झालं ते जसंच्या तसं लिहिते.

सकाळी मी माझी काळी साडी नेसले, दरवर्षीची. तिला बोलावलं, हळदीकुंकू लावलं, हातात पिवळी साडी ठेवली. तिने ती उलगडली, सुंदर आहे म्हणाली, आभार मानले. मग माझ्या साडीकडे पाहिलं.

"मॅम, कैवल्यने सांगितलं होतं, पहिल्या वर्षी काळी असते."

मी म्हटलं, हो, पण नाशिकहून आलीच नाही. तिने टेबलावर बघितलं. तिथे नाशिकहून आलेले दागिने होते, खोक्यावर अलकाचं अक्षर. ती चिडली नाही. चिडली असती तर बरं झालं असतं. ती तिच्या संध्याकाळी पाचच्या, लॅपटॉपसमोरच्या आवाजात बोलली, सावकाश.

"आयुष्यभर लोकांनी माझ्या हातात काहीतरी वेगळंच ठेवलंय, मॅम. आणि दर वेळी सांगितलंय की ते माझ्याच भल्यासाठी आहे."

साडी तिने नीट घडी घालून सोफ्यावर ठेवली आणि खोलीत गेली.

 कोणाला सांगू? हे मीटिंगमध्ये, कैवल्य साइटवर, अलकाला सांगायची सोय नाही. मी हे तिच्यासाठी केलं होतं. खरंच तिच्यासाठी केलं होतं? आईनेही मला कॅम्पला पाठवलं नाही ते माझ्यासाठीच.

पाचला दार लागलं. मी वरच्या फळीवरून काळी साडी काढली आणि दाराबाहेर जाऊन उभी राहिले. ठोठावणार होते. आतून तिचा आवाज आला. ती त्यांना सांगत होती की गैरसमज झाला नव्हता, काय झालं ते तिला तेव्हाही समजलं होतं आणि आजही समजतंय, आणि ती तक्रार मागे घेणार नाही. समोरून कोणीतरी काहीतरी म्हणालं, पुन्हा विचार कर असंच असणार. ती म्हणाली, नो सर. मग परत, नो सर. तिसऱ्या वेळी नुसतं नो.

माझा हात दारापर्यंत गेला आणि तसाच राहिला. एवढं बोलून आलेल्या बाईसमोर मी साडी घेऊन काय उभी राहणार? साडी परत फळीवर ठेवली.

१५ जानेवारी, गुरुवार

सोमवारी तिला तिकडे जातीने हजर राहायला सांगितलंय. सकाळच्या विमानाने गेली. कैवल्यला साइट सोडता आली नाही, तो फोनवरच तिच्याशी बोलला.

हे गाडी चालवत होते. मी मागे तिच्याजवळ बसले. दोघी खिडकीबाहेर बघत होतो. विमानतळावर ती पुन्हा माझ्या पायाशी वाकली. या वेळी मी मागे सरले नाही, तिचे खांदे धरले. खांदे केवढे ताठ होते तिचे. मी पर्समधून डबा काढला, लाडू तिच्या तळहातावर ठेवला आणि म्हटलं, तिळगूळ घे.

ती वाट बघत राहिली. मग म्हणाली, "आणि पुढचं?"

मी म्हटलं, "पुढचं नको. तू बोलतेस तशीच बोल."

तिने लाडू तोंडात टाकला आणि कडक होता म्हणून गालात धरून ठेवला. तशीच आत गेली, मागे वळून एकदा हात केला. काळ्या साडीचं मी बोललेच नाही. घरातून निघताना ती पिशवीत घेतली होती, खरं सांगायचं तर. गाडीत पिशवी माझ्या मांडीवरच होती.

परत येताना ह्यांना म्हटलं, ही हरली तर? हे म्हणाले, "हरली तर हरली, पण मागे नाही घेतलं ना." तीस वर्षांत हे एवढं पहिल्यांदाच बोलले असतील. कैवल्य संध्याकाळी आला, जेवला आणि तिच्या उशीवर डोकं ठेवून झोपला. पलंगाखाली माझ्या स्लिपर नीट लावून ठेवल्या होत्या तिने.

१६ जानेवारी, शुक्रवार

हळदीकुंकवाला जायचं नव्हतं, गेले. घरात बसवेना. लिफ्टमध्ये ज्ञानदा भेटली, हातात वाणाच्या पिशव्या. म्हणाली, नीताताई, तुमच्या पाहुण्या गेल्या का? एअर होस्टेस?

मी म्हटलं, "पाहुणी नव्हती. माझी सून आहे ती. रोशेल. आणि एअर होस्टेस नाही, पायलट आहे. सध्या उडू देत नाहीयेत तिला, भांडतेय त्यांच्याशी."

बोलून टाकलं आणि ती काय म्हणते त्याची वाट बघत उभी राहिले.  मनात उत्तरं तयार ठेवली होती मी, चांगली खमकी उत्तरं, दोन वर्षांची साठलेली.

ज्ञानदाने पिशव्या खाली ठेवल्या. म्हणाली, "अहो, मग आणायचं नाही का तिला! पहिली संक्रांत ना तिची?"

एकाही उत्तराचा उपयोग झाला नाही. लिफ्टचं दार उघडलं. मी तिच्या दोन पिशव्या उचलल्या आणि गाडीपर्यंत गेले.

व्हिलात चार नव्या सुना होत्या, चौघी काळ्या साड्यांत, पांढऱ्या दागिन्यांत. मी प्रत्येकीला तिळगूळ दिला आणि प्रत्येकीला म्हटलं गोड बोला, कारण तसंच म्हणतात. कोणीतरी सुनांचे फोटो काढत होतं. मी कडेला खुर्चीवर बसले आणि वाण मांडीवर धरून ठेवलं.

घरी आल्यावर ज्ञानदाला रोशेलचा फोटो पाठवला. कॉकपिटमधला आहे, पांढरा शर्ट, खांद्यावर तीन पट्ट्या, कॅमेऱ्याकडे न बघता पुढे बघतेय. फोनमध्ये दोन वर्षं होता. खाली लिहिलं, माझी सून. आधी नुसतं 'सून' लिहिलं होतं, ते खोडून पुन्हा लिहिलं.

ज्ञानदाचं उत्तर लगेच आलं. किती रुबाबदार दिसतेय, ग्रुपवर टाकते. आणि खाली, साडीतला नाही का एखादा, संक्रांतीचा?

पाच वाजले होते. दिवा लावायचा होता. कैवल्यच्या खोलीत कोणाचाच आवाज नव्हता.

नाही, असं लिहून पाठवलं.